गाडी उद्याची, दिवस फ्रँकफर्टचा

मुंबईहून जर्मनीला निघालेल्या प्रवाशाचे पहिले पाऊल बहुधा फ्रँकफर्टला पडते, कारण देशातला सर्वांत मोठा विमानतळ तिथे आहे आणि त्या विमानतळावरूनच जर्मनीच्या चारही दिशांना रेल्वेगाड्या सुटतात. ही सोय पाहून प्रवासाचा आराखडा आखताना सहज मोह होतो: सकाळी विमान उतरेल, दोन तासांनी गाडी पकडू आणि दुपारपर्यंत बर्लिन, म्युनिक किंवा कोलोन गाठू. कागदावर हा हिशेब बिनचूक दिसतो; परंतु तो ज्यांवर उभा असतो, त्या तीन गोष्टींपैकी, म्हणजे विमानाची वेळ, सीमातपासणीची रांग आणि प्रवाशाचे स्वतःचे शरीर यांपैकी, एकही प्रवाशाच्या हातात नसते. म्हणून आगमनाचा दिवस फ्रँकफर्टला द्यावा आणि लांबची गाडी दुसऱ्या दिवशी पकडावी, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. ते केवळ सावधगिरीपोटी केलेले नाही. ज्या शहराला बहुतेक प्रवासी बँकांचे गाव समजून ओलांडून जातात, ते एक अख्खा दिवस देण्याच्या योग्यतेचे आहे, हेही त्यामागचे तितकेच मोठे कारण आहे.

आधी तिकिटाचा प्रश्न पाहावा, कारण पैसा तिथेच बुडतो. डॉइच बान ही जर्मनीची सरकारी मालकीची रेल्वे कंपनी लांब पल्ल्याच्या गाड्यांची तिकिटे ढोबळमानाने दोन प्रकारे विकते. पहिला प्रकार पूर्ण भाड्याचा. त्याला तिथे फ्लेक्सप्राइस म्हणतात आणि त्या तिकिटावर ठरलेल्या दिवशी त्या मार्गावरच्या कोणत्याही गाडीत बसता येते. दुसरा प्रकार सवलतीचा, म्हणजे स्पारप्राइस आणि त्याहून स्वस्त सुपर स्पारप्राइस. बरेच दिवस आधी घेतल्यास हे तिकीट पूर्ण भाड्यापेक्षा पुष्कळच कमी पैशांत मिळते, पण त्यावर जी गाडी नोंदलेली असते तिनेच जावे लागते आणि प्रवाशाच्या बाजूने ती चुकली तर तिकीट वाया जाते. रेल्वेच्याच दिरंगाईमुळे मुक्कामी पोहोचायला वीस मिनिटे किंवा अधिक उशीर होणार असेल तर हे बंधन सुटते, तसेच तासाभराच्या उशिराला भाड्याचा पाव हिस्सा आणि दोन तासांच्या उशिराला निम्मा हिस्सा परत मिळतो. मात्र विमान उशिरा आले, सामान पट्ट्यावर यायला वेळ लागला किंवा पारपत्र तपासणीच्या रांगेत तास गेला, तर त्याची जबाबदारी रेल्वे घेत नाही. युरोपीय महासंघाने ऑक्टोबर २०२५ पासून बाहेरच्या नागरिकांच्या येण्याजाण्याची संगणकीय नोंद करण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने लागू केली असून त्यात चेहऱ्याचे छायाचित्रही घेतले जाते, त्यामुळे सीमेवर किती वेळ जाईल याचा अंदाज बांधणे अधिकच अवघड झाले आहे. विमान आणि रेल्वे एकाच आरक्षणात असतील तर गोष्ट वेगळी. स्वतंत्रपणे घेतलेले स्वस्त तिकीट मात्र उतरण्याच्या दिवसाचे असू नये.

शिवाय जर्मन गाड्या घड्याळाच्या काट्यावर धावतात ही आपल्याकडची समजूत आता बरीच जुनी झाली आहे. सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर झालेली गाडी तिथे वेळेवर आली असे धरले जाते, आणि या उदार हिशेबानेही २०२४ साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी सुमारे ६२ टक्केच वेळेवर पोहोचल्या. रुळांची वर्षानुवर्षे न झालेली दुरुस्ती हे त्यामागचे मुख्य कारण आहे, आणि ती दुरुस्ती आता मोठ्या प्रमाणावर हाती घेतली गेल्यामुळे मार्गच्या मार्ग बंद राहतात. फ्रँकफर्ट ते मानहाइम हा अत्यंत वर्दळीचा मार्ग २०२४ च्या जुलैपासून डिसेंबरपर्यंत पूर्ण बंद होता. अशा व्यवस्थेत प्रवास करायचा तर प्रवाशाचे डोके जागेवर असावे लागते, आयत्या वेळी बदललेला फलाट लक्षात यावा लागतो आणि पर्यायी गाडी शोधण्याइतके त्राण असावे लागते, जे रात्रभर बसून आलेल्या माणसाकडे नसते.

शरीराचा प्रश्न अधिक खोल आहे आणि गंमत अशी की त्याचा पाया घालणारे संशोधन जर्मनीतच झाले आहे. म्युनिकच्या दक्षिणेला आंडेक्स या गावी युर्गेन आशोफ आणि रुटगर वेफर या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात जमिनीखाली खोल्या बांधून, घड्याळ आणि सूर्यप्रकाश यांपासून पूर्णपणे तोडलेल्या अवस्थेत स्वयंसेवकांना काही आठवडे ठेवले आणि दाखवून दिले की बाहेरचा कोणताही संकेत नसतानाही माणसाचे झोपणे, उठणे आणि शरीराच्या तापमानाचा चढउतार एका आतल्या लयीने चालूच राहतो, आणि ती लय २४ तासांपेक्षा किंचित मोठी असते. हे आतले घड्याळ मेंदूतल्या एका छोट्या केंद्रात असून डोळ्यांवाटे येणारा उजेड त्याला रोज जुळवून घेतो. लय मोठी असल्यामुळे दिवस लांबवणे शरीराला सोपे जाते आणि दिवस आखडणे कठीण, म्हणूनच भारतातून युरोपकडे, म्हणजे पश्चिमेला जाताना होणारा त्रास परतीच्या प्रवासापेक्षा बहुधा सौम्य असतो. जर्मनीचे घड्याळ भारताच्या घड्याळापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथे घड्याळाचे काटे बदलतात. मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघालेले विमान साधारण नऊ तासांत तिथल्या सकाळी पोहोचते, तेव्हा शरीराच्या लेखी दुपार होत आलेली असते आणि रात्रीची झोप झालेली नसते. या अवस्थेत खोलीत शिरून पडदे ओढून झोपणे हा सर्वांत वाईट मार्ग, कारण त्यामुळे शरीर भारतातच राहते. उजेडात चालत राहणे, विशेषतः संध्याकाळचा उजेड अंगावर घेणे आणि स्थानिक वेळेनुसार नऊ-दहापर्यंत जागे राहणे हा खरा उपाय आहे. गाडीच्या उबदार डब्यात बसलेला प्रवासी दहाव्या मिनिटाला डुलकी घेतो आणि ऱ्हाइनचे सुंदर खोरे झोपेत ओलांडतो. शहरात चालणारा माणूस जागा राहतो.

विमानतळावर दोन वेगळी रेल्वे स्थानके आहेत, हे नवख्याला आधी ठाऊक असलेले बरे. १९९९ साली सुरू झालेले लांब पल्ल्याच्या गाड्यांचे स्थानक काचेच्या भल्यामोठ्या इमारतीखाली आहे, आणि शहरात जाणाऱ्या उपनगरी गाड्या, ज्यांना एस-बान म्हणतात, त्या पहिल्या टर्मिनलच्या खालच्या जुन्या स्थानकातून सुटतात. एस ८ आणि एस ९ या गाड्या ऑफेनबाख किंवा हानाऊच्या दिशेने पाव तासाच्या आत मुख्य स्थानकात पोहोचवतात; उलट दिशेला बसल्यास प्रवासी माइन्झ किंवा वीसबाडेनला जातो. विमानतळ शहराच्या हद्दीत असला तरी त्याचे भाडे शहरातल्या साध्या तिकिटापेक्षा जास्त असते. फलाटावर जायला कोणतेही फाटक नसते आणि तिकीट कोणी मागत नाही, पण म्हणून ते नसले तरी चालते असे मुळीच नाही. साध्या वेशातले तपासनीस अधूनमधून येतात आणि विनातिकीट प्रवाशाला ६० युरो दंड होतो. आणखी एक खबरदारी अशी की फ्रँकफर्ट नावाचे दुसरे शहर पोलंडच्या सीमेवर ओडर नदीकाठी आहे, आणि हान नावाचा जो विमानतळ फ्रँकफर्टच्या नावाने ओळखला जातो तो शहरापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे, म्हणून तिकीट घेताना माइन नदीचे नाव जोडलेले फ्रँकफर्टच निवडले आहे ना, हे तपासावे.

मुख्य स्थानक, म्हणजे हाउप्टबानहोफ, हीच या दिवसाची पहिली पाहण्यासारखी जागा आहे. ते १८ ऑगस्ट १८८८ रोजी सुरू झाले. मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, त्याच वर्षी पूर्ण झाले होते. दोन्ही स्थानके एकाच घडणीची आहेत: रूळ तिथेच संपतात, गाडी आत शिरते आणि आली त्या वाटेनेच उलट दिशेने बाहेर पडते. मुंबईकराला याचे नवल वाटणार नाही, पण लांबच्या गाडीत याचा परिणाम असा होतो की फ्रँकफर्टपर्यंत तोंड पुढे करून बसलेला प्रवासी फ्रँकफर्टनंतर पाठ पुढे करून प्रवास करतो, आणि या उलटफेरीत वेळ जातो म्हणून काही गाड्या मुख्य स्थानक टाळून नदीपलीकडच्या दक्षिण स्थानकावरच थांबतात. दर्शनी भागाच्या माथ्यावर अ‍ॅटलासचा पुतळा पृथ्वीचा गोल पेलून उभा आहे आणि त्याच्या दोन बाजूंना लोखंड व वाफ यांची प्रतीके असलेल्या दोन आकृती त्याला हातभार लावत आहेत; त्या काळाचा यंत्रयुगावरचा विश्वास यापेक्षा स्पष्टपणे सांगणारे शिल्प क्वचितच सापडेल. मूळच्या तीन पोलादी कमानींच्या दालनांना १९२४ साली आणखी दोन दालने जोडली गेली, आणि लाइपझिगचे स्थानक १९१५ मध्ये पूर्ण होईपर्यंत हे युरोपातले सर्वांत मोठे स्थानक होते.

उद्याच्या प्रवासाची तालीम इथे आजच करावी, आणि ती अर्ध्या तासात होते. फलाटावरच्या पिवळ्या कागदावर सुटणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक असते. फलाटाचे ए, बी, सी असे विभाग पाडलेले असतात आणि कोणता डबा कोणत्या विभागासमोर उभा राहील हे आधीच दाखवलेले असते. आयसीई ही जलद गाडी मधल्या स्थानकांवर जेमतेम काही मिनिटे थांबते आणि काही वेळा दोन जोडगाड्या मिळून आलेली असते, ज्या पुढे वेगवेगळ्या गावांना जातात, त्यामुळे योग्य विभागात उभे राहणे ही केवळ सोय नसते. तिकीट आणि बैठक या तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरक्षण वेगळे पैसे देऊन करावे लागते आणि ते सक्तीचे नाही, पण सामान किंवा वृद्ध सोबत असतील तर ते करावेच. ज्या बैठकीवर आरक्षणाची खूण दिसत नाही तिथे कोणीही बसू शकते.

हॉटेलची खोली साधारणतः दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही, तरी सामान मात्र सकाळीच ठेवून घेतात. तसे न झाल्यास स्थानकात लॉकर आहेत. आगमनाचा वार पाहणे मात्र फार महत्त्वाचे आहे. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून जर्मन राज्यघटनेनेच संरक्षित केलेला असल्यामुळे त्या दिवशी जवळपास सर्व दुकाने बंद असतात आणि सिमकार्ड, औषध किंवा भारतीय पिन बसेल असा प्लगचा अडॅप्टर घ्यायचा तर स्थानक आणि विमानतळ इथल्या दुकानांवाचून गत्यंतर नसते. सोमवारी उलट, दुकाने उघडी आणि बहुतेक संग्रहालये बंद. ऑक्टोबरात जगप्रसिद्ध पुस्तक मेळा भरतो, ज्यात १९८६ आणि २००६ साली भारत सन्माननीय पाहुणा होता; त्या आणि इतर मोठ्या व्यापारी मेळ्यांच्या दिवसांत खोल्यांचे भाव कितीतरी पटींनी वाढतात.

स्थानकाबाहेरचा भाग बकाल आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. अमली पदार्थांच्या आहारी गेलेली माणसे तिथे रस्त्यावर दिसतात आणि रात्री एकट्याने तिथे रेंगाळू नये. पण त्याच भागात तुर्की भाजीवाले, आशियाई किराणा दुकाने आणि डोळ्यांसमोर उंच उठणाऱ्या बँकांच्या इमारती शेजारी शेजारी नांदतात, आणि तिथून पूर्वेला वीस मिनिटे चालत गेले की ग्योथेचे घर लागते. योहान वोल्फगांग ग्योथे २८ ऑगस्ट १७४९ रोजी इथे जन्मला. कालिदासाच्या शाकुंतलाचे गेओर्ग फोर्स्टरने केलेले जर्मन भाषांतर १७९१ साली प्रसिद्ध झाले तेव्हा ग्योथे भारावून गेला होता, आणि त्याच्या फाउस्ट नाटकाच्या आरंभी रंगमंचावर येणाऱ्या सूत्रधारी प्रवेशाची कल्पना संस्कृत नाटकावरून आली असे अभ्यासक मानतात. भारतीय वाचकाला या घराशी नाते सांगायला एवढे पुरेसे आहे. ते घर मात्र मूळचे नाही. मार्च १९४४ च्या बाँबफेकीत ते जमीनदोस्त झाले, आणि आधीच हलवून सुरक्षित ठेवलेले सामान पुन्हा जागच्या जागी मांडता यावे अशा रीतीने १९५१ पर्यंत ते तंतोतंत उभारले गेले.

त्या बाँबफेकीत लाकडी सांगाड्याच्या घरांचे अख्खे जुने फ्रँकफर्ट जळाले, आणि हे लक्षात ठेवूनच रोमरबेर्ग या चौकात उभे राहावे. चौकाच्या एका बाजूला १४०५ पासून नगरसभेचे ठाणे असलेली रोमर ही इमारत आहे आणि समोर काळ्या तुळयांच्या नक्षीची जी देखणी घरे दिसतात ती १९८० च्या दशकात बांधलेली आहेत. त्यांच्या मागे, मुख्य चर्चपर्यंतच्या पट्ट्यात १९७० च्या दशकातली काँक्रीटची सरकारी कचेरी होती; ती पाडून २०१२ ते २०१८ या काळात ३५ घरे बांधली गेली, त्यांतली १५ जुन्या नकाशांवरून आणि छायाचित्रांवरून हुबेहूब. त्यांतले सर्वांत देखणे घर, म्हणजे सोन्याचा तराजू, मुळात १६१९ च्या सुमारास नेदरलँड्समधून धर्माच्या छळामुळे पळून आलेल्या मसाल्याच्या एका व्यापाऱ्याने बांधले होते. जवळ जाऊन पाहिले तर नव्या गुळगुळीत भिंतींत मधूनच एखादा झिजलेला, कोरीव लाल दगड दिसतो. जुन्या घरांचे जे अवशेष लोकांनी आणि संग्रहालयांनी जपले होते ते असे परत बसवले आहेत. ही नक्कल आहे, इतिहास पुसून केलेली सजावट आहे, अशी टीका झाली आणि ती अगदीच निराधार नाही. पण आपल्या शहराची हरवलेली गल्ली परत मिळावी ही नागरिकांची ओढ खोटी ठरवता येत नाही, आणि शेजारचे चर्च, जिथे १५६२ पासून १७९२ पर्यंत सम्राटांचे राज्याभिषेक झाले, त्याला पुन्हा त्याच्या मापाचा परिसर मिळाला हे निश्चित. त्याच चौकाच्या फरसबंदीत एक धातूची गोल तबकडी आहे, जी १० मे १९३३ रोजी नाझींनी इथे पुस्तके जाळली याची आठवण देते. गर्दीत ती सहज पायाखाली जाते, म्हणून शोधून पाहावी.

जवळचे पाउलचर्च १८४८ साली जर्मनीच्या पहिल्या निर्वाचित राष्ट्रीय सभेचे ठिकाण होते. तिथे जर्मन पुस्तक व्यवसायाचा शांतता पुरस्कार दिला जातो, जो २०२० मध्ये अमर्त्य सेन यांना आणि २०२३ मध्ये मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दी यांना मिळाला.

वेळ कमी असेल तर संग्रहालये टाळावीत, पण पूर्वेकडची जुनी ज्यू दफनभूमी टाळू नये. तिच्या बाहेरच्या भिंतीतून हाताच्या बोटांएवढे पुढे आलेले सुमारे १२ हजार छोटे ठोकळे आहेत, प्रत्येकावर फ्रँकफर्टच्या एका मारल्या गेलेल्या ज्यू नागरिकाचे नाव, जन्मतारीख आणि मृत्यूचे ठिकाण कोरलेले आहे, आणि येणारे लोक त्यांवर खडे ठेवून जातात. या शहरात १९२९ साली जन्मलेल्या अ‍ॅन फ्रँकचे नावही त्यांत आहे. तिथून थोड्या अंतरावर जिथे आज युरोपीय मध्यवर्ती बँकेचा मनोरा आहे, त्या जुन्या घाऊक बाजाराच्या तळघरात १९४१ पासून सुमारे दहा हजार माणसांना गोळा करून शेजारच्या रुळांवरून गाड्यांनी मरणाकडे पाठवले गेले. जर्मन रेल्वेने प्रवास करणाऱ्याने हे एकदा पाहिले पाहिजे.

जेवणासाठी क्लाइनमार्क्टहाल हा बंदिस्त बाजार बरा. तो रविवारी बंद असतो. तिथे पांढऱ्या कागदाच्या गुंडाळीत सात हिरव्या पाल्यांची जुडी मिळते, ज्यात अळीवाची कोवळी रोपे आणि आपल्या चुक्याच्या जातीचा आंबट पाला असतो. तो बारीक चिरून आंबट सायीत किंवा दह्यात कालवला की फ्रँकफर्टची प्रसिद्ध हिरवी चटणी होते आणि ती थंडगारच, उकडलेले बटाटे आणि अंडी यांच्याबरोबर वाढतात. शाकाहारी माणसाने अंडी वगळून मागितली तरी पोट भरते. सफरचंदाची आंबट वाइन हे इथले पेय, पण जागरण झालेल्या शरीराला ते पहिल्या दिवशी नकोच. पाण्याची बाटली फेकू नये. तिच्यावर २५ सेंट अनामत असते आणि दुकानातल्या यंत्रात ती टाकली की परत मिळते.

संध्याकाळ नदीवर काढावी. १८६० च्या दशकात लोकवर्गणीतून बांधलेला पादचाऱ्यांचा लोखंडी पूल ओलांडून पलीकडच्या काठाने चालत राहिले की जून-जुलैत रात्री साडेनऊपर्यंत उजेड डोळ्यांत जातो आणि शरीरघड्याळ आपोआप मागे सरकू लागते; डिसेंबरात अंधार साडेचारलाच पडतो, तेव्हा हेच फिरणे दुपारी उरकून उजळलेल्या जागेत बसून राहावे.

दुसऱ्या दिवशी बहुधा पहाटे चार-पाचलाच जाग येते, कारण शरीराची सकाळ अजून भारताचीच असते, आणि म्हणून स्वस्त बंधनाचे तिकीट सकाळी सातच्या आसपासच्या गाडीचे घ्यावे: दिवसभरातला उशीर तोवर साचलेला नसतो, प्रवासी टवटवीत असतो आणि बर्लिन चार तासांवर, म्युनिक साडेतीन तासांच्या आत, तर कोलोन जेमतेम दीड तासावर असते. परतीच्या वेळीही हीच काळजी घ्यावी. विमान रात्रीचे असो वा सकाळचे, आदल्या दिवशीच फ्रँकफर्टला परत यावे.